न आलेल्या पेशंटची वही

डॉक्टर मॅडम, नमस्कार.

मी बीड जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी ११ वर्षं दवाखाना चालवतो. एमबीबीएस आहे. एरवी रोज ४०-५० पेशंट, बाजाराच्या दिवशी ८०-९०. गेल्या श्रावणात ४८ वर्षांची एक बाई डोकं दुखतं म्हणून आली. बीपी १७८/१०६. दोन वेळा बोलावून पुन्हा मोजलं, आधी अम्लोडिपिन सुरू केली, नंतर टेल्मिसार्टन जोडली. दसऱ्याच्या आसपास १३४/८६ वर आलं. ३० दिवसांच्या गोळ्या लिहून दिल्या, महिन्यानं या म्हणालो. त्यानंतर ती आली नाही. मला कळलंही नाही. फेब्रुवारीत साखर कारखान्याच्या तळावर, ऊसतोड मजुरांच्या कोपीत (झोपडीत), पहाटे तिला लकवा मारला. उजवा हात-पाय गेला, वाचा गेली. गोळ्या दिवाळीतच संपल्या होत्या म्हणे.

गेल्या आठवड्यात मुलगा दवाखान्यात आला. भांडला नाही. कागद मागितले आणि एवढंच म्हणाला, "डॉक्टर, तुमच्याकडं आमचा नंबर होता की."

कंपाउंडर म्हणतो, आपण काय शाळा चालवतो का हजेरी घ्यायला? डॉक्टर मित्र म्हणतात, फोन करून बोलवायला लागलास तर लोक म्हणतील याचा धंदा बसला. मला झोप लागत नाही. माझी चूक झाली का? कायद्यानं माझ्यावर काही येतं का? आणि यापुढं मी करायचं तरी काय?

(ओळख पटेल असे तपशील बदलून.)

डॉक्टर,

तुमचं पत्र दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा एका वाक्यापाशी अडले. ‘मला कळलंही नाही.’ तुम्ही ते लिहून सहज पुढं गेलात. माझं बहुतेक सगळं उत्तर त्या तीन शब्दांबद्दल आहे.

पण आधी तुमची झोप. त्या बाईंना लकवा तुमच्यामुळं झाला नाही. निदान बरोबर होतं, एका मापावर भरवसा न ठेवता पुन्हा पुन्हा मोजलंत, गोळ्या योग्य होत्या, बीपी आटोक्यात आलं होतं. गोळी चालू असती तर झटका आलाच नसता, असंही छातीठोकपणे कुणी सांगू शकत नाही. शक्यता बरीच कमी झाली असती, एवढं खरं. यापलीकडचा दोष अंगावर घेऊ नका.

पण तुम्ही पूर्ण सुटलात असंही मी म्हणणार नाही. तसं म्हणणारे मित्र तुमच्याकडं आहेतच, आणि त्यांच्या म्हणण्यानं तुम्हाला झोप आलेली नाही. ती बाई चार महिने आली नाही यात तिची अडचण असेल, ऊसतोडीला मजूर नेणाऱ्या मुकादमाची घाई असेल, ‘आता बरं वाटतंय’ हा समज असेल. ते सगळं तिच्या बाजूचं. ती येत नाहीये हे तुमच्या दवाखान्यात एकाही माणसाला ठाऊक नव्हतं, हे मात्र तुमच्या बाजूचं. आपल्या ओपीडीची घडणच अशी आहे की बाकावर बसलाय तो पेशंट. जो बसलेला नाही तो दिसत नाही. आणि बाजाराच्या दिवशी दुपारी तीन वाजता, अजून जेवण व्हायचं असताना, चार माणसं कमी आली तर मनातून बरंच वाटतं. मला तरी वाटायचं.

मला हे उमगायला १४ वर्षं प्रॅक्टिस करावी लागली. संधिवाताच्या तापानं हृदयाची झडप बिघडलेली १५ वर्षांची एक मुलगी माझ्याकडं यायची. दर २१ दिवसांनी पेनिसिलिनचं १२ लाख युनिटचं इंजेक्शन. ते फार दुखतं, मोठी माणसं कळवळतात. ही दात-ओठ खाऊन गप्प बसायची. वडील सायकलवर डबलसीट आणायचे. सव्वा वर्ष एक तारीख चुकली नाही. मग एकदा ते इंजेक्शन बाजारातच नव्हतं. मी म्हणाले, "आलं की या." आलं की या! ते आलं हे त्यांना कोण सांगणार होतं? दीड महिन्यानं इंजेक्शन आलं, फ्रीजशेजारच्या कपाटात ठेवलं गेलं, आणि मी ती मुलगी विसरून गेले. चार वर्षांनी ती आली तेव्हा सातवा महिना होता आणि आडवं झालं की दम लागत होता. जिल्ह्याला पाठवलं. ती वाचली, बाळ वाचलं नाही. वडिलांनी मला दोष दिला नाही. ते म्हणाले, "आम्हाला वाटलं कोर्स संपला. मग तुमीबी काय बोलला नाय."

त्याच संध्याकाळी कोपऱ्यावरच्या दुकानातून शंभर पानी वही आणवली. चार रकाने आखले. नाव, फोन, कशासाठी, पुढची तारीख. दर शनिवारी संध्याकाळी वही उघडायची, त्या आठवड्यात तारीख उलटून गेलेली नावं वाचायची. पहिल्या शनिवारी पाच नावं निघाली. पाचपैकी दोघं दुसऱ्या डॉक्टरांकडं जायला लागले होते, एक मुलीकडं पुण्याला गेली होती, एकजण विसरला होता आणि एकाकडं पैसे नव्हते. सांगायचं असं की एकही पेशंट ‘बेजबाबदार’ निघाला नाही. हा शब्द आपण फार स्वस्तात वापरतो.

आता तुमच्या कंपाउंडरचा प्रश्न. हजेरी. त्याला सांगा, हो, थोड्या लोकांची घ्यायची. सगळ्यांची नाही. सर्दी-पडशाचा माणूस परत आला नाही तर तो बरा झाला, आनंद आहे. वहीत फक्त त्यांचीच नावं जातात ज्यांचं न येणंच धोक्याचं आहे. बीपी १६०च्या वर असलेले, इन्सुलिनवाले, फिटच्या गोळ्या चालू असलेले, रक्त पातळ करायची गोळी घेणारे, स्टेरॉइड चालू असलेले, जोखमीच्या गरोदर बाया, आणि गाठीचा तुकडा किंवा एक्स-रे पुढं पाठवलाय पण रिपोर्ट दाखवायला आलेले नाहीत असे लोक. ही शेवटची मंडळी सगळ्यात निसटती. रिपोर्ट ‘चांगला’ असेल म्हणून आले नसतील असं आपण धरून चालतो, आणि त्यांना वाटतं वाईट असता तर डॉक्टरांनी बोलावलं असतं. तुमच्या ५० पेशंटांत अशी नावं दिवसाला चार-पाचच्या वर जाणार नाहीत.

आणि हजेरी ही काही माझ्या डोक्यातली टूम नाही. क्षयरोगाचा कार्यक्रम या देशात तिच्यावरच उभा आहे. सहा महिने गोळ्या, आणि पेशंट आला नाही तर त्याच्या घरी माणूस जातो. २०१२ पासून खाजगी डॉक्टरनंही क्षयाच्या पेशंटची नोंद सरकारला कळवणं बंधनकारक आहे, म्हणजे तिथं ‘आला नाही, माझा काय संबंध’ म्हणायची सोयच नाही. लसीकरणात आशाताईंकडं या महिन्यात कुठल्या घरातलं कुठलं बाळ बाकी आहे याची यादी असते. बीपीसाठीसुद्धा २०१७ च्या शेवटी केंद्र सरकार, आयसीएमआर (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद) आणि जागतिक आरोग्य संघटनेनं मिळून पाच राज्यांत काम सुरू केलं. महाराष्ट्रातले सातारा, सिंधुदुर्ग, भंडारा आणि वर्धा हे जिल्हे त्यात पहिल्यापासून होते. त्यातलं औषध काही नवं नाही, तुम्ही दिलीत तीच अम्लोडिपिन, तीच टेल्मिसार्टन. फरक एवढाच की तिथली नर्स सकाळी उघडते ती यादी न आलेल्यांची असते, आणि ती फोन लावते.

क्षयरोगाच्या कार्यक्रमात मध्येच गोळ्या सोडणाऱ्याला वर्षानुवर्षं ‘डिफॉल्टर’ म्हणायचे. बँकेचं कर्ज बुडवणाऱ्याला लावतात तोच शब्द. २०१३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं तो काढून टाकला, आणि जो नवा शब्दप्रयोग आणला त्याचा साधा अर्थ ‘पाठपुराव्यातून हरवलेला’. मला हा बदल फार मोलाचा वाटतो. बुडवणं हे बुडवणाऱ्याचं काम. हरवलेल्याच्या बाबतीत मात्र कुणीतरी शोधायला निघायला पाहिजे.

कायद्याचं थोडक्यात सांगते. मी वकील नाही. तुमच्या व्यवसाय विम्याच्या वकिलाशी या आठवड्यातच बोला, नोटीस येण्याची वाट पाहू नका. आपल्याला डॉक्टर म्हणून लागू असलेली आचारसंहिता २००२ ची. २०२३ मध्ये नवे नियम आले होते, पण ते त्याच वर्षी स्थगित झाले. २००२ ची संहिता म्हणते की एकदा पेशंट हाती घेतला की त्याची हेळसांड करू नये आणि पुरेशी कल्पना न देता त्याला सोडू नये. पेशंटनंच डॉक्टरला सोडलं तर काय, यावर ते कलम गप्प आहे. फी घेऊन दिलेली सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयानं १९९५ मध्ये सांगितलं, आणि निष्काळजीपणा कशाला म्हणायचं याची कसोटी २००५ मध्ये पुन्हा स्पष्ट केली. तुमच्या जागी सर्वसाधारण कुशल डॉक्टर कसा वागला असता, ती ही कसोटी. आज तालुक्याच्या गावातला सर्वसाधारण डॉक्टर न आलेल्याला फोन करत नाही. म्हणून कायद्यानं तुमच्यावर फार काही येईल असं मला वाटत नाही. पण सगळेच करत नाहीत म्हणून मी मोकळा, हे समाधान कोर्टात चालेल, रात्री दोन वाजता चालत नाही. तुम्हाला त्याचा अनुभव आलेलाच आहे.

कायद्याचा खरा काटा वेगळ्याच जागी आहे. अमेरिकेत कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयात १९८० मध्ये एक खटला निकाली निघाला. एक तरुण बाई गर्भाशयमुखाची तपासणी करून घ्यायला तयार होत नव्हती, पुढं तिचा कॅन्सरनं मृत्यू झाला. डॉक्टर म्हणाले, मी तपासणी करा म्हणालो होतो. न्यायालय म्हणालं, न केल्यास काय होईल हे सांगितलं होतं का? तो निकाल आपल्याला बांधील नाही, पण प्रश्न आपलाही आहे. तुमच्या केसपेपरवर ‘१ महिन्यानं’ असं लिहिलेलं असणार. गोळ्या मध्येच बंद केल्या तर लकवा मारू शकतो, हे त्या बाईंना त्यांच्या भाषेत कधी सांगितलं होतं का? ‘गोळी जन्माची आहे’ एवढं सांगितलं की लोक घाबरतात आणि सोडतात. ‘दुखत नाही म्हणजे बीपी गेलं असं नाही, गोळी आहे म्हणून ते दबून आहे’ असं सांगितलं, आणि मग ‘आता मला सांगा, गोळ्या संपल्यावर काय करायचं?’ असं त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं, की अर्धं काम होतं. दोन मिनिटं लागतात. बाजाराच्या दिवशी दोन मिनिटं म्हणजे काय, ते मला माहीत आहे.

आणि आता ते, जे मला तुमच्या पत्रात सगळ्यात जास्त खुपलं. तुम्ही बीडमध्ये ११ वर्षं आहात. दसरा झाला की ऊसतोडीसाठी गावं रिकामी व्हायला लागतात हे तुम्हाला मी सांगायला नको. कोयत्याची, म्हणजे तोडणीच्या जोडप्याची, उचल (आगाऊ पैसे) आधीच घेतलेली असते, मुकादमाचा ट्रक दारात उभा राहतो तेव्हा ‘पुढच्या महिन्यात डॉक्टरकडं जायचंय’ म्हणून कुणी थांबत नाही. तुम्ही ३० दिवसांच्या गोळ्या दिल्यात त्या नेमक्या त्या दिवसांत. महिन्यानं ती बाई कदाचित दोनशे-तीनशे किलोमीटरवर, पहाटे तीनला फडात उसाच्या मोळ्या बांधत असणार. तुमची तारीख तिनं चुकवली म्हणण्यापेक्षा ती तारीख तिच्या वर्षात बसतच नव्हती. दसऱ्याच्या त्या भेटीत एक प्रश्न हवा होता, ‘यंदा टोळीला, ऊसतोडीला जाणार का?’ हो म्हणाली असती तर जास्त दिवसांच्या गोळ्या देता आल्या असत्या. कागदावर कंपनीचं नाव न लिहिता औषधाचं मूळ नाव, डोस आणि शेवटचं बीपी ठळक लिहून देता आलं असतं, म्हणजे कारखान्याजवळच्या सरकारी आरोग्य केंद्रात तो कागद दाखवून त्याच गोळ्या मागता आल्या असत्या. सोबत असलेल्या कुणाचा तरी चालू फोन घेता आला असता. हे मी दोष म्हणून लिहीत नाही. मला त्या पेनिसिलिनचं कुठं सुचलं होतं?

फोनचं सांगते, कारण इथं चांगले चांगले डॉक्टर घसरतात. पहिली गोष्ट, फोन कोण उचलतं ते पहिल्या भेटीत विचारून ठेवा. आपल्याकडं घरात एकच फोन असतो, तो नवऱ्याकडं नाहीतर पोराकडं. बीपीचं त्यांना सांगितलेलं चालेल का, हेही विचारा. बीपीला चालतं बहुतेक. क्षय, एचआयव्ही, मानसिक आजार, गर्भपात यांत ‘दवाखान्यातून बोलतोय, ताईंना फोन करायला सांगा’ याच्या पुढं एक अक्षर नको. दुसरी गोष्ट, आवाज. ‘का आला नाहीत?’ या प्रश्नानं फोन सुरू केलात की संपला. माणूस खोटं बोलतो, ‘येतो उद्या’ म्हणतो आणि कायमचा जातो. ‘गोळ्या संपल्या असतील, म्हटलं विचारावं तब्येत कशी आहे’ असं म्हणा. फी थकलेली असेल तर त्या फोनवर तिचा उल्लेखही करू नका. उधारीच्या लाजेनं दवाखाना बदलणारे पेशंट आपल्याला मोजता येत नाहीत, इतके असतात. हा फोन तुम्हीच करायला हवा असं नाही, कंपाउंडर करू शकतो, पण आधी चार वेळा त्याला तुमच्यासमोर करायला लावा.

दोन फोन, एक निरोप. तेवढं झालं की केसपेपरवर तारीख घालून लिहायचं, ‘बोलावलं, येत नाही म्हणाल्या’ किंवा ‘फोन लागला नाही’, आणि वहीतल्या नावावर रेघ मारायची. सज्ञान माणसाला आपलं औषध नाकारायचा हक्क आहे, दुसरा डॉक्टर धरायचाही आहे. इंग्लंडमध्ये प्रत्येक माणूस एका डॉक्टरच्या यादीत असतो, तिथं कोण कुणाचा हे ठरलेलं. आपल्याकडं पेशंट आज तुमचा, उद्या समोरच्याचा, परवा गावातल्या देवऋषीचा. त्यामुळं मागं लागण्यालाही हद्द हवी. शोधून पाहणं आपलं काम, धरून आणणं नाही.

राहिले तुमचे मित्र आणि ‘धंदा बसला’. २००२ च्याच आचारसंहितेत पेशंट ओढायला बंदी आहे, त्याचा धाक ते घालत असतील. माझ्या मते, ज्या माणसावर तुम्ही उपचार सुरू केलेत त्याला ठरलेल्या तपासणीची आठवण देणं म्हणजे गिऱ्हाईक ओढणं नव्हे. दिवाळीला ‘फुल बॉडी चेकअपवर सूट’ असा मेसेज अख्ख्या तालुक्याला पाठवणं म्हणजे ते. लोकांना हा फरक कळतो. मी वही सुरू केली तेव्हा गावात पहिले दोन महिने कुजबुज झाली. नंतर बाया आपणहून सांगायला लागल्या, "मॅडम, माझं नाव वहीत घाला."

आता तो मुलगा. त्यानं कागद मागितले आहेत, प्रती अजून दिल्या नसतील तर आजच द्या, मागितल्यापासून ७२ तासांत द्यायच्या असा नियमच आहे. केसपेपरवर आज एक अक्षरही वाढवू नका, ‘टोळीला जाऊ नये असा सल्ला दिला होता’ वगैरे तर अजिबात नाही. मोह होतो, कुणी सुचवेलही. नंतर आठवलेलं काही लिहायचं असेल तर वेगळ्या कागदावर, आजची तारीख घालून. आणि वकिलांशी बोलणं झालं की एकदा त्यांच्या घरी जा. ‘माझी चूक नव्हती’ हे वाक्य दवाखान्यातच ठेवून जा. तो म्हणाला ते खरं आहे, नंबर होता. ‘हो, नंबर होता, आणि मी केला नाही. आता करायला लागलोय’ एवढं म्हटलंत तरी पुष्कळ. त्याला तुमच्याकडून कबुलीजबाब हवाय असं मला वाटत नाही. हवा असता तर तो एकटा आणि शांतपणे आला नसता.

तिथं गेल्यावर बाईंचं बीपी मोजा. एकदा झटका येऊन गेलेल्याला दुसरा येण्याची भीती जास्त असते, आणि अशा घरात पहिले काही आठवडे सगळं लक्ष हात-पायाच्या मालिशीकडं असतं, बीपीच्या गोळीकडं कुणाचं नसतं. गोळ्या चालू आहेत का, गिळता येतात का, बोलण्याचा सराव कुणी करून घेतंय का, उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपी मिळते का, हे बघा. वाचा गेली म्हणजे समज गेली असं नाही, हे घरच्यांना सांगा. त्यांच्याशी बोला, त्यांच्याबद्दल नको.

दसऱ्याला अजून अवकाश आहे. भाद्रपदापासूनच प्रत्येक बीपी-शुगरच्या पेशंटला टोळीचं विचारायला लागा. वही मात्र आजच आणा, आणि पहिल्या ओळीत त्याच बाईंचं नाव लिहा. शेवटचा रकाना पुढच्या तारखेचा आहे. त्यांची पुढची तपासणी कधी आणि कुणाकडं आहे, ते तुमच्या पत्रात नाही.